घाटातलं एकच लाटणं

खोटं ओरडल्याबद्दल मला मेमो मिळालेला हाय. लपवत न्हाई. लोखंडी पेटीत तळाला घडी घालून अजून ठेवलाय. त्यात लिहिलंय की वाहतूक नियंत्रक रंगनाथ यांनी घाटात सुरुंगाची खोटी आरोळी देऊन कामगारांत घबराट पसरवली. अक्षर न् अक्षर खरं हाय. पण त्या अख्ख्या कागदावर लाटण्याचा एक शब्द न्हाई, आणि माझं डोकं फिरतं ते तिथं.

तर ऐका. मधे बोलू नका, मग मला राग येतो.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. आदल्या साली पावसानं दगा दिलेला, सगळा जिल्हा दुष्काळी कामावर. आमच्या म्हसोबाच्या घाटात रस्ता रुंद करायचं काम निघालं हुतं. वरून नगरकडच्या गाड्या यायच्या, खालून तिसगाव-पाथर्डीकडच्या. मधला दीड मैल सुरुंगानं फोडून ठेवलेला. एका अंगाला फुटका डोंगर, दुसऱ्या अंगाला सरळ दरी, जुना कठडा पाडलेला, आणि मधे एक यष्टी जेमतेम जाईल एवढी वाट. सात वळणं. एका वळणावरून पुढच्या वळणावरचं काय बी दिसायचं न्हाई. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीनं थांबायचं म्हटलं तरी खडीवर ब्रेक धरतोय कुठं!

माथ्यावर पत्र्याची केबिन, तिथं मी. पायथ्याला तसलीच केबिन, तिथं बाबाजान. टेलिफोन दोघांकडं बी न्हाई. डेपो लांब. कुठली गाडी कवा सोडायची ते आमी दोघांनी ठरवायचं, आणि ते बी एकमेकांचं तोंड न बघता.

पहिल्यांदा आमी चिठ्ठ्या चालवल्या. खाली जाणाऱ्या ड्रायव्हरजवळ मी चिठ्ठी द्यायचो, "माझी गाडी पोचली, तुझी सोड." आठ दिवस बरं चाललं. नवव्या दिवशी एका ड्रायव्हरच्या खिशात आदल्या दिवशीची चिठ्ठी तशीच राहिली, त्यानं तीच दिली, आणि पाचव्या वळणावर दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. त्या दिवशी कुणाचं तरी पुण्य आड आलं. संध्याकाळी बाबाजान चढण चढून वर आला. घामानं चिंब. माझ्या पुढ्यात बसला अन् म्हणाला, "रंगनाथ, कागदाचं काय खरं न्हाई. कागद दोन निघत्यात. वस्तू अशी पायजे की घाटात एकच आसंल. ती ज्याच्या हातात, त्याचीच गाडी चालंल. बाकीच्यांनी खुशाल बोंबलत बसावं."

पटलं मला. केबिनीमागं वीस पावलांवर माझं घर. तसाच उठलो, चुलीपाशी गेलो अन् झुंबरबाईचं, म्हंजे माझ्या बायकोचं, लाटणं उचललं. शिसवीचं, तिच्या आईनं लग्नात दिलेलं. गाड्यांच्या पाट्या रंगवायचा लाल रंग हुता, तो त्याला फासला. ती मागून वरडतच आली, पण तवर रंग लागला हुता.

तवापासून घाट लाटण्यावर चालला. वरून जाणाऱ्या ड्रायव्हरला मी लाटणं द्यायचो, तो खाली बाबाजानला द्यायचा, बाबाजान ते वर येणाऱ्या ड्रायव्हरला द्यायचा. लाटणं घेतलं की ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढून ते दाखवायचं, मगच गाडी हलवायची. जीपगाड्यांनी यष्टीच्या मागून जायचं. लोक हसायचे. हसंनात का! चार महिन्यांत गाडीला गाडी घासली न्हाई. बाबाजाननं पहिल्याच दिवशी माझा हात धरून वदवून घेतलं हुतं, "रंगनाथ, दुसरं लाटनं ह्या घाटावर येनार न्हाई. आलं तर आपला खेळ खलास." मी म्हणालो, "येड लागलंय का? कशाला येतंय?"

आणि आणलं कुणी? मीच.

त्याचं असं झालं. ज्वारी कुठं मिळत नव्हती, रेशनला गहू यायचा. झुंबरबाई रोज माझ्या डोक्यावर मिरं वाटायची. "भाकरी थापता येती, चपाती कशी थापू? रॉकेलच्या बाटलीनं लाटती मी! तुमच्या यष्टीला शिसवीचं लाटनं आन् माझ्या हातात बाटली!" मी ऐकून घ्यायचो. पण मनकर्णाचे दिवस भरत आले. आमची एकुलती एक पोरगी, तिसगावच्या अलीकडं दिलेली, पहिलं बाळंतपण. झुंबरबाई म्हणाली, "पोरगी माहेरी यायची, तिला बाटलीच्या चपात्या घालू का?" तिथं माझा इलाज सरला. तिसगावच्या बाजारातून एका कंडक्टरकरवी लाटणं मागवलं. साधं, पांढऱ्या लाकडाचं. रंग न्हाई दिला की ते घाटाचं लाटणं न्हाई, असं मीच माझ्या मनाला समजावलं. ते सकाळच्या गाडीनं आलं. घरी द्यायचं म्हणून पिशवीत घातलं अन् पिशवी केबिनीतल्या खिळ्याला अडकवली. झुंबरबाई घरी नव्हतीच, आदल्या दिवशीच पोरीला आणायला गेल्ती. दोघी पुंजारामच्या गाडीनं अकराला वर येणार हुत्या.

त्याच दिवशी दहाला साहेब आला. जीप, टोपी, मनगटावर मोठं घड्याळ, बगलेत सर्क्युलर. डेपोतल्या टेबलावर बसून कुणीतरी घाट सोडवला हुता. तासाचा पहिला अर्धा वर येणाऱ्या गाड्यांचा, दुसरा अर्धा खाली जाणाऱ्यांचा. नियंत्रकांनी आपल्या मनानं काय बी करायचं न्हाई. साहेबानं वाचून दाखवलं अन् विचारलं, "समजलं?"

"समजलं साहेब," मी म्हणालो. "पण घड्याळाला कसं कळायचं की गाडी पंक्चर झालीय?"

"पंक्चर झाली तर ती खालीच थांबेल. पुढच्या तासाला येईल."

"आणि घाटातच झाली तर?"

साहेबाला असले प्रश्न आवडत नसावेत. म्हणाला, "ते लाटण्याचं खूळ मी ऐकलंय. आजपासून बंद."

"खाली बाबाजानला ठावं हाय का बंद झाल्यालं?"

"मी खालीच निघालोय. त्यालाही सांगेन."

म्हंजे बघा. वरती घड्याळ सुरू झालं, खालती लाटणंच चालू. आणि साहेब तर पहिली गाडी घड्याळावर सुटलेली बघूनच खाली जाणार म्हणून माझ्यापाशीच बसला. अकरा वाजले. पुंजारामची गाडी न्हाई. सव्वाअकरा. न्हाई. तेवढ्यात नगरकडची गाडी येऊन उभी राहिली, टपावर पोती, आत माणसं दाटीवाटीनं. ड्रायव्हर गोरक्ष, बदलीवर आलेला, घाटात तिसऱ्यांदाच. त्यानं केबिनीत डोकं घालून विचारलं, "लाटनं द्या."

"खालून यायचंय. थांब."

साडेअकरा झाले. साहेब घड्याळ माझ्या नाकापुढं धरून म्हणाला, "सोडा गाडी."

"साहेब, लाटणं माझ्याकडं न्हाई. म्हंजे ते एकतर बाबाजानजवळ हाय, न्हाईतर घाटात चढतंय."

"वर येणाऱ्यांची वेळ संपली. घाटात कुणी नाही."

"असंल तर?"

"मी सांगतोय ना, सोडा."

"न्हाई सोडत," मी म्हणालो. "माझी बायको अन् पोरगी खालच्या गाडीत हायेत. पोरीला नववा महिना हाय. त्या नसत्या तरी सोडली नसती, पण हायेत."

साहेबाचं तोंड लाल झालं. सस्पेंड करीन म्हणाला. मी म्हणालो करा, आणि तिथनं उठलो. अहो, राग आला की मी उठून जातो, तोंडातून वाईट शब्द जाऊ नये म्हणून. नडलं मला ते उठणं.

केबिनीपासून पन्नास पावलांवर टेकाड हाय. तिथनं खालच्या दोन वळणांचा तुकडा दिसतो. जाऊन उभा राहिलो. उन्हानं डोळे दिपत हुते. आणि दिसला! धुरळा! सहाव्या वळणावरून लाल गाडी हळूहळू चढत हुती. आली माझी पोरगी, म्हणून मी येड्यासारखा एकटाच हसलो. मनात म्हणालो, आता साहेबाला हाताला धरून आणतो अन् दाखवतो त्याचं घड्याळ.

वळलो, तर गोरक्षची गाडी सुटलेली. माझ्याच अंगावरून घाटाच्या तोंडाला निघालेली. "थांब! थांब रे!" मी हात वर करून वरडलो. गोरक्षनं खिडकीतून हात बाहेर काढला अन् रीतीप्रमाणं मला दाखवलं. हातात लाटणं. पांढरं. हसला बी मेला. गाडी पहिल्या वळणाआड गेली.

केबिनीकडं बघितलं तर साहेब दारात उभा, शांत. "तुमच्या पिशवीतच होतं की," म्हणाला. "त्याला लाटणंच पाहिजे होतं ना? दिलं काढून."

शिवी द्यायला बी वेळ नव्हता. पायी पळून यष्टी गाठणार कोण! रस्ता वळणावळणानं जातो. पण डोंगर सरळ उतरतो, आणि त्या उतारावर एकाखाली एक अशा दुष्काळी कामाच्या टोळ्या बसलेल्या. तीन-चारशे माणूस, बायाच जास्त, खडी फोडत. पहिल्या वळणाच्या वरच छबूबाईची टोळी.

आता सुरुंगाची रीत सांगतो. रोज दोनदा सुरुंग उडायचा, बाराला अन् पाचला. मुकादम निशाण वर करून वरडायचा, "सुरुंगऽऽ!" ते ऐकून पहिली टोळी वरडायची, मग खालची, मग तिच्या खालची. एका दमात आरोळी पायथ्याला पोचायची. ती ऐकली की घाटात असंल ते जागच्या जागी थांबायचं, गाडी असो, बैल असो, माणूस असो. दगडाआड बसायचं. दुसरी आरोळी येईस्तोवर हलायचं न्हाई. आणि ती आरोळी खोटी द्यायची न्हाई. पोरांनी खेळात दिली तरी मुकादम बुकलून काढायचा, कारण एकदा खोटी निघाली तर दुसऱ्या दिवशी खऱ्याला कोण थांबतंय? मग माणूस मरतंय.

हे सगळं मला ठावं हुतं. तरी मी टेकाडाच्या कडेला गेलो अन् छाती फुटेस्तोवर वरडलो, "सुरुंगऽऽऽ!"

छबूबाईनं मान वर केली. हातोडा हातातच. "अजून टायम न्हाई झाला, रंगनाथभाऊ! निशान कुठंय?"

"वरड, छबूबाई! सुरुंग हाय!"

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हातारी बाई, माझी भाषा ओळखणारी. मी खोटं बोलतोय हे तिला कळलं, माझ्या तोंडावरच असणार ते. मी हात जोडले. "मनकर्णा हाय गं खाली," म्हणालो. एवढंच निघालं तोंडातून.

तिनं हातोडा टाकला, दोन्ही हात तोंडापाशी धरले अन् अशी काही वरडली की माझ्या अंगावर काटा आला. खालच्या टोळीनं उचललं. मग त्याच्या खालच्या. सुरुंगऽऽ, सुरुंगऽऽ, सुरुंगऽऽ, असं खाली खाली जात राहिलं. बाया पाट्या डोक्यावर धरून पळाल्या, कुणी लेकरं छातीशी धरली, कुणी दगडाखाली शिरलं. कुणाची तरी म्हातारी पडली. मी पायवाटेनं खाली पळत हुतो अन् हे सगळं दोन्ही अंगांनी बघत हुतो. माझ्यामुळं पळतायत सगळे, आणि उडणार तर काहीच न्हाई.

मग सगळं गप झालं. पाखरू बोलंना. कान लावला तर एक इंजिन घरघरत हुतं. एकच, का दोन, काय कळंना. तेवढ्यात ते बी बंद झालं. आदळल्याचा आवाज येतो का, ते ऐकत मी उभा हुतो. देवाचं नाव बी आठवंना मला.

चौथ्या वळणावर पोचलो. गोरक्षची गाडी वळणाच्या अलीकडं उभी. पुंजारामची पलीकडं. मधे फुटका खडक आणि चाळीस पावलं. एक उतरत हुती, एक चढत हुती, एकीला दुसरी दिसत नव्हती. चाळीस पावलं! मी मोजली, जाऊन येऊन दोनदा मोजली, कारण हातापायांना दुसरं काही सुचत नव्हतं.

पुंजाराम खाली उतरला. हातात लाल लाटणं. "टायर बसलं तिसगावात, म्हनून उशीर," म्हणाला. वळणाला वळसा घालून त्यानं गोरक्षची गाडी बघितली, गोरक्षच्या हातातलं पांढरं लाटणं बघितलं, आणि मटकन खाली बसला. गोरक्षचं तर रडणंच फुटलं. "मला दिलं हो! मला हातात दिलं!" त्याचा काय दोष? रीत त्यानं पाळली हुती. दोन लाटणी घाटावर आणणारा मी.

मनकर्णा खिडकीशी बसली हुती, घामेजलेली, पोटावर दोन्ही हात. मला बघून म्हणाली, "आप्पा, तुमी का आला पळत? सुरुंग उडला न्हाई अजून. बसा की खाली." मी तिच्या खिडकीच्या गजाला धरून उभा राहिलो. झुंबरबाईनं बाहेर डोकं काढलं, गोरक्षच्या हाताकडं बघितलं. त्या बाईला सांगावं लागलं न्हाई. "माझ्यासाठी आनलं व्हय ते?" एवढंच म्हणाली, आणि तोंडावर पदर घेतला.

गोरक्षची गाडी मागं मागं घेत पार माथ्यापर्यंत न्यावी लागली. बायांनी खडीचे ढीग बाजूला ओढले, चाकामागं दगड लावत गेल्या. तासभर गेला, मग पुंजाराम वर आला अन् तेच लाल लाटणं घेऊन गोरक्ष खाली उतरला. बाराचा सुरुंग त्या दिवशी लांबला. मुकादमानं मला सगळ्यांदेखत आईबहिणीवरून शिव्या दिल्या आणि मी खाली मान घालून घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

पण खरा ठोसा दिला तो छबूबाईनं. म्हणाली, "तुझी पोरगी वाचली, बरं झालं. तुझ्यासाठी मी खोटं वरडले. उद्या मी खरं वरडले आन् खालच्या पोरी म्हनल्या, आसंल कुनाचं तरी खोटं, तर? माझी सून हाय पाचव्या टोळीत."

म्हणून मी गेलो. दुपारभर, उन्हात, टोळीमागून टोळी. अकरा टोळ्या हुत्या. प्रत्येकीपुढं उभा राहून सांगितलं, आरोळी खोटी हुती, मी दिली, का दिली ते हे असं, चूक माझी, उद्याची खरी असंल, तिला थांबा. जी म्हातारी पडली हुती तिच्या पायाला हात लावला. तिचा गुडघा फुटला हुता. ती म्हणाली, "लेकीसाठी वरडलास नव्हं? जा." एका टोळीनं मला पाणी दिलं. एका टोळीनं दिलं न्हाई. शेवटाला बाबाजानच्या केबिनीशी पोचलो. त्याला खालीच सगळं कळलं हुतं. माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग हात काढून घेतला. तो काढून घेतलेला हात मला आजवर टोचतो.

साडेचारच्या सुमाराला परत वर आलो. साहेब केबिनीतच बसून हुता, टोपी गुडघ्यावर. त्याला खाली तिसगावाकडं जायचं हुतं, बाबाजानला सर्क्युलर द्यायला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला मेमो द्यावा लागेल."

"द्या की. खोटं वरडलो हाय."

त्याला आणखी काही बोलायचं असावं. पिशवीचं, लाटण्याचं. पण त्यानं टोपी डोक्यावर घातली.

पाच मिनिटांनी तो जीपमधे जाऊन बसला. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. चार पस्तीस झालेले. त्याच्या सर्क्युलरप्रमाणं वाट त्याचीच हुती. मी केबिनीच्या दारातून म्हणालो, "जावा साहेब. तुमचाच अर्धा तास हाय."

जीप तिथंच घरघरत राहिली. मग साहेबानं हात वर केला, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. साहेब घाटाच्या तोंडाकडं बघत बसला.

झुंबरबाई घराच्या दारात चहाला आधण ठेवून बसली हुती, आतून मनकर्णाचं बोलणं ऐकू येत हुतं. सरपण कमी पडलं. तिनं गोरक्षकडनं परत घेतलेलं ते पांढरं लाटणं उचललं, चुलीत सारलं आणि फुंकणीनं फुंकलं. नवं लाकूड, लगेच पेटलं. त्यावर चहा झाला. एक कप तिनं साहेबाला बी नेऊन दिला.

साहेबानं तो जीपमधेच बसून पिला. बशी परत देताना त्यानं मला हाक मारली. आवाज बारीक झाला हुता.

"रंगनाथ, लाटणं आलं का हो खालून?"

"न्हाई अजून," मी म्हणालो.

"मग थांबतो," तो म्हणाला.